गच्चीवरचं बंद पडलेलं पर्यावरण

हनुमान टेकडीवर किंवा तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा थांबून खालच्या इमारतींच्या गच्च्या नीट पाहाव्यात. जिकडे तिकडे काचेच्या नळ्यांच्या रांगा आणि त्यांच्या डोक्यावर आडव्या टाक्या. परगावचा माणूस म्हणेल, पुणेकरांनी सूर्याला चांगलंच कामाला लावलंय. याच इमारतींपैकी कुठल्याही एकीत सकाळी सातला पहिल्या मजल्यावर जा. निम्म्या न्हाणीघरांत गीझरचा लाल दिवा लागलेला दिसेल.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली. निवृत्त झाले आणि कोथरूडमधल्या आमच्या चोवीस घरांच्या सोसायटीची सचिव झाले. काम तेच राहिलं, पगार तेवढा थांबला. कारखान्यात आमच्या विभागाची आठवण यंत्र बंद पडल्यावरच यायची, सोसायटीतही तसंच आहे. या जागेवरून पाहताना एक गोष्ट दिसते ती सांगते. घर पर्यावरणस्नेही कसं करावं यावर सध्या बरंच छापून येतं आणि त्याचा सगळा रोख खरेदीवर असतो. हे बसवा, ते बदला, अमुक ताऱ्यांचं तमुक आणा. माझं म्हणणं असं, की पुण्यातल्या पुष्कळ घरांना नवं काही बसवायच्या आधी बसवलेलं चालू करायची गरज आहे.

कारण बसवलेलं बरंच आहे. मोठ्या भूखंडावर इमारत बांधायची तर सौर बंब, पर्जन्यजल संधारण, ओल्या कचऱ्याची व्यवस्था दाखवल्याशिवाय महापालिकेची परवानगी पुढे सरकत नाही. बिल्डर ते सगळं करतो, त्याचे फोटो काढतो, भोगवटापत्र घेतो आणि पुढच्या साइटवर जातो. मागे राहतात सदस्य आणि एक वॉचमन. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा पार्किंगमध्ये कुठल्या फरशीखाली आहे, हेसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या आणि सेवासुविधांमधल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. या काळात सोलरचं पाणी तापत नाही म्हणून लेखी तक्रार करणाऱ्या सोसायट्या किती निघतील? लिफ्टचा दरवाजा अडकला की मात्र आपण रात्री अकराला फोन करतो.

आमच्या गच्चीवरच्या सोलरची अवस्था मी कार्यभार घेतला तेव्हा अशी होती. दोन नळ्या फुटलेल्या, त्यांच्या जागी रबरी बुचं ठोकलेली. उरलेल्यांत बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर. गरम पाण्याच्या पाइपवरचा काळा फोम उन्हाने भुगा होऊन पावसाच्या पाण्याच्या जाळीत अडकलेला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे टाकीतली बॅकअप कॉइल. ढगाळ दिवसांत कुणीतरी ती चालू केली होती आणि ऊन पडल्यावर बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सूर्याच्या नावाने आम्ही महावितरणच्या विजेवर पाणी तापवत होतो, तेही सामाईक मीटरवर.

प्लंबर वर आला, टाकीला हात लावून म्हणाला, "ताई, सोलर झ्याक हाय. पाइप वाईट हाय. वर चटका बसतोय आन् खाली येस्तवर कोमट."

त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. सातव्या मजल्यावरच्या टाकीतून पहिल्या मजल्यावर यायला पाण्याला लांबचा पल्ला असतो. रात्रभर पाइपात गार झालेलं पाणी आधी बाहेर पडतं, मग गरम येतं. खालच्या मजल्यावरच्या गृहिणीने बादलीभर पाणी मोरीत सोडायचं, तेही टंचाईच्या दिवसांत, की गीझरचं बटण दाबायचं? ती बटण दाबते आणि तिचं काही चुकत नाही. आम्ही पाइपांना नवं वेष्टण घातलं, त्यावर उन्हापासून जपणारा ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला, नळ्या बदलल्या, क्षार काढून घेतले, कॉइलला टायमर लावला. प्रत्येक घरामागे खर्च आला तो एका चांगल्या पंख्याच्या किमतीएवढा.

मिळालं काय? १०० लिटरचा सौर बंब वर्षाला साधारण १,५०० युनिट वीज वाचवतो, असा सरकारी हिशेब आहे. देखभालवाल्यांना असे कागदावरचे आकडे निम्मे करून वाचायची सवय असते. निम्मे धरले तरी चोवीस घरांचे वर्षाला १८ हजार युनिट होतात. आपल्या देशातल्या विजेच्या दर युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे चोवीस घरांमागे वर्षाला बारा टनांहून जास्त. त्यासाठी एकही नवं यंत्र विकत घ्यावं लागलेलं नाही.

पावसाच्या पाण्याची कथाही याच वळणाची आहे. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचं होतं २ लाख ८० हजार लिटर पाणी. पहिल्या सरींचा कचरा आणि गळती सोडून दिली तरी सव्वादोन लाख हाती लागतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर बावीस टँकर. बाणेर, वाघोली, खराडी, एनआयबीएम रस्ता या भागांतल्या सोसायट्या मार्च उजाडला की टँकरवाल्यांच्या मिनतवाऱ्या करतात. त्यातल्या कित्येकांच्या नकाशावर पाणी मुरवायचा खड्डा आहे आणि प्रत्यक्षात त्या खड्ड्यातल्या वाळूवर गाळाचा असा थर बसलेला असतो की वरून ओतलेलं पाणी वरच राहतं. जून लागायच्या आधी वाळू-खडी काढून धुवायची, गच्ची झाडायची आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, एवढंच तर काम असतं.

दुसरी अडचण जमिनीखालची. पुणे काळ्या कातळावर, बेसाल्टवर बसलेलं आहे. या कातळात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. अखंड कातळात खणलेला खड्डा म्हणजे नुसता हौद, त्यातून पाणी पुढे जात नाही. पुण्यातलीच 'ॲक्वाडॅम' ही संस्था बेसाल्टमधल्या भूजलाचा वर्षानुवर्षं अभ्यास करते आहे. तेव्हा खड्डा कुठे घ्यायचा हे आर्किटेक्टच्या नकाशातल्या रिकाम्या कोपऱ्यावरून ठरवण्याऐवजी भूजलाच्या जाणकाराला विचारून ठरवलं, तर पुढचे बरेच पैसे वाचतात.

आपल्या शहराला ही अक्कल पूर्वी होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकात, कात्रजच्या तलावातून पाणी बांधीव नळाने थेट पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. तो नळ आत माणूस उतरू शकेल एवढा ठेवला आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हवा खेळण्याची आणि आतला गाळ उपसण्याची सोय बांधकामातच करून ठेवली होती. पाण्याबरोबर गाळ येणार आणि तो कुणाला तरी काढावा लागणार, हे त्या कारागिरांनी आधीच धरून चाललं होतं. आज आपण फिल्टर अशा कोपऱ्यात बसवतो की त्याचं झाकण काढायचं तर आधी दोन गाड्या हलवाव्या लागतात.

आता थोडं सामाईक मीटरकडे वळू, कारण खरा पैसा तिथे झिरपतो. वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकला की पाणी ओसंडून गच्चीवरून वाहतं आणि पाच अश्वशक्तीचा पंप खाली चालूच राहतो. असा पंप रोज अर्धा तास उगाच चालला, तर वर्षाला सातशे युनिटच्या वर वीज जाते आणि गेलेलं पाणी वेगळं. पंपाचा फुट व्हॉल्व्ह गळत असेल तर पाणी उचलायला दरवेळी जास्त वेळ लागतो. या दोन्ही दुरुस्त्या एका दुपारच्या असतात. जिन्यातल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइट पन्नास वॅटच्या पुढे खातात, तोच उजेड एलईडी अठरा-वीस वॅटमध्ये देते. रात्रभर जळणाऱ्या दिव्यात हा फरक वर्षाअखेर चांगलाच जाणवतो.

"सगळं दुरुस्तच करत बसायचं का? जुनं यंत्र म्हणजे जास्त वीज," असं आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभेत ऐकवलं. प्रश्न रास्त आहे. माझा ठोकताळा असा, की जे तासन् तास फिरतं ते बदला आणि जे नुसतं उभं आहे ते दुरुस्त करा. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅट. रोज बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे दिवसाला अर्धा युनिट वाचतं, तीन पंख्यांमागे वर्षाला पाचशेहून जास्त. महावितरणची घरगुती दररचना १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जाते, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. पंख्यासारख्या साध्या वस्तूत केवढी बचत दडलेली आहे, हे पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने फार आधीपासून लावून धरलं होतं. छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२३ पासून.

पंख्याबरोबर एसीचा विषय येतोच. 'पुण्यात एसी कशाला' हे वाक्य आता फक्त आमच्या पिढीच्या तोंडी उरलं आहे. उन्हाळा कडक झाला, सिमेंट वाढलं, हे खरंच. तरी पुण्याच्या हवेचा एक गुण अजून शिल्लक आहे. एप्रिलात दुपारी सरासरी ३८ अंशांपर्यंत जाणारा पारा पहाटे २१ च्या आसपास उतरतो. इतका उतार मुंबईकरांच्या नशिबात नाही. वाड्यांची रचना याच उतारावर उभी होती. दगडी जोतं, जाड भिंती, मधला चौक. रात्रीच्या गार हवेने भिंती निवायच्या आणि दुपारी तोच गारवा घरात टिकायचा. १८०७ साली बांधून झालेल्या विश्रामबागवाड्यात आजही भर दुपारी शिरलं तर बाजीराव रस्त्यावरचं ऊन बाहेर राहिल्याचं अंगाला कळतं.

फ्लॅटला वाडा करता येत नाही, पण वाड्याचं वेळापत्रक पाळता येतं. सूर्य मावळला की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि सकाळी नवाच्या आत पडद्यांसकट बंद करायच्या. आपण नेमकं उलटं करतो. दिवसभर 'वारा यावा' म्हणून खिडकी उघडी आणि रात्री डासांच्या भीतीने बंद. जाळी लावणं हा ऊर्जाबचतीचा उपाय आहे, असं मी म्हटलं की लोक हसतात, पण आमच्या घरी रात्रीचा एसी बंद झाला तो जाळ्या बसवल्यावरच. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली हवी. आतला पडदा तापलेल्या काचेतून आधीच आत आलेल्या उन्हाला अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. वरच्या मजल्यावाल्यांनी गच्चीवर पांढरा परावर्तक रंग द्यावा. जुन्या इमारतींवर ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझेक असायचं, ते गळतीइतकंच उन्हासाठीही उपयोगी होतं. एवढं करून एसी लावायचाच, तर २४ अंशांवर. २०२० पासून नव्या एसींत कारखान्यातूनच २४ अंश हे मूळ तापमान लावलेलं असतं आणि वाढवलेल्या एकेका अंशामागे सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. रिमोट हातात आला की आपण तो पहिल्यांदा अठरावर नेतो, त्याला कायदा काय करणार?

कचऱ्याबद्दल थोडक्यात. २००८ साली कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था या शहरात उभी राहिली, तेव्हापासून ओला-सुका वेगळा करण्याची सवय पुण्याला इतर शहरांआधी लागली. पण सोसायटीतली खताची टाकी बहुतेक ठिकाणी वासाच्या तक्रारीवरून बंद पडते. वास येतो कारण ओल्या कचऱ्याबरोबर सुका पाला पडत नाही, आणि तोच पाला अंगणात झाडून जाळला जातो. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांच्याकडून तो गरजूंना पोहोचवणारा 'ब्राऊन लीफ' उपक्रम पुण्यातच सुरू झाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या संयंत्राला मात्र रोज खाऊ घालावं लागतं. चार दिवस गावाला गेलात तर शेजाऱ्याला सांगून जावं लागतं. तंत्रज्ञान घरचंच आहे, सांभाळायला माणूस मिळत नाही.

मग सौर पॅनेल? जरूर, पण रांगेत शेवटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो आणि त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दहा किलोवॅट म्हणजे महिन्याला सुमारे १,२०० युनिट. आमच्यासारख्या सोसायटीचा पंप, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे त्यात आरामात भागतात. पण आधी गळणारे व्हॉल्व्ह आणि जुन्या ट्यूबा नीट केल्या, तर तेवढ्याच कामाला सहा किलोवॅटही पुरू शकतात. गळकी बादली आधी बुजवायची की मोठा नळ बसवायचा, हे आपली आजी सांगू शकली असती. शिवाय पॅनेल बसवली की सुटलो, असं नाही. शेजारी चाललेल्या बांधकामाची धूळ आणि कबुतरांची शिट यांनी माखलेलं पॅनेल कमी वीज देतं. ते ऊन चढायच्या आत, सकाळी लवकर धुवायला हवं, आणि ते कोण धुणार हे बसवायच्या आधी ठरायला हवं.

इथे गाडी येऊन अडते ती पैशांवर नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का वर्गणी सांगितली आहे. ती घेतली जाते, मुदत ठेवीत राहते आणि ताळेबंदात शोभून दिसते. सभेत खर्चाचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, "दोन-तीन वर्षांत रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला?" हे वाक्य कोथरूडपासून बिबवेवाडीपर्यंत प्रत्येक जुन्या सोसायटीत दर सभेला म्हटलं जातं. पुनर्विकास लांबत राहतो आणि तोवर गीझर चालतात, टँकर येतात. ज्यांची इमारत खरोखर धोकादायक झाली आहे त्यांनी ती अवश्य पाडावी. पण चाळीस वर्षांची धडधाकट इमारत पाडून तिचा राडारोडा नदीकाठी गेला आणि त्या जागी नव्या सिमेंट-पोलादाचा टॉवर उभा राहून त्याच्या जाहिरातीवर हिरवं पान झळकलं, तर त्या पानाचा हिशेब मला तरी लागत नाही.

महापालिकेनेही आपल्या बाजूचं एक काम करावं. सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते, ही योजना चांगलीच आहे. ती 'आहे का' यावर न देता 'चालते का' यावर द्यावी. त्यासाठी मोठी फौज नको. सोसायटीने दरवर्षी तीन गोष्टी सादर कराव्यात: पावसाळ्यापूर्वी साफ केलेल्या फिल्टरचा तारखेसह फोटो, सोलरच्या देखभालीचं बिल आणि सामाईक मीटरची बारा महिन्यांची युनिटं. दहातल्या एकीची अचानक तपासणी करावी आणि खोटं निघालं तर सवलत व्याजासह परत घ्यावी. पुणेकराला दहा टक्के कुठे जातात हे बरोबर कळतं. गच्च्या आपोआप जाग्या होतील.

तोवर सोसायट्यांनी थांबायचं कारण नाही. कायद्याने वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत पार्किंगचा वाद आणि गणपतीचा जमाखर्च यांच्या मध्ये एक विषय घाला: 'गच्चीवरील व आवारातील बंद यंत्रणांचा आढावा, दुरुस्तीचा खर्च मंजूर करणे व जबाबदार सदस्याचे नाव ठरवणे.' खर्च बहुतेक वेळा मंजूर होतो, असा माझा अनुभव आहे. नाव ठरवायची वेळ आली की सगळे मोबाईल पाहू लागतात. तेवढ्या वेळात हात वर करणारा एक जण प्रत्येक सोसायटीला मिळाला, तर या शहराला निदान काही वर्षं नवं काही विकत घ्यावं लागणार नाही.